नळाखालचा कोपरा

मिस्त्रीकाम हा काही त्याचा धंदा नव्हता. नोकरी विम्याच्या कचेरीत. पण घरातला पंखा, नळ, दाराची बिजागरी सगळं स्वतःच दुरुस्त करायचा, म्हणून थोरल्या बहिणीने कौतुकाने मिस्त्री हे नाव पाडलं आणि त्याने ते मिरवलं. या घरात राहायला आल्यावर शॉवरची जागाही त्यानेच दुरुस्त केली. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे पाणी मुरू नये म्हणून पारदर्शक सिलिकॉनची पट्टी आपल्या हाताने ओढली. पाहुणा आला की आधी बाथरूम दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

पुढे त्या पट्टीत काळं दिसायला लागलं तेव्हा दोष अर्थातच बायकोचा निघाला. "माझ्या कामात खोट नाही, घासायलाच हिचे हात चालत नाहीत," असं तो चारचौघांत हसत हसत सांगायचा. बायकोला माहेरी ठकू म्हणत. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, लोकांच्या दातांवरचं किटण निघताना रोज बघायची. घरी येऊन जुन्या ब्रशने कोपरे घासायची. मिस्त्री दारातून शिकवायचा, "जोर लाव. मनगटातून. असं गोंजारतेस काय?" औषधं ओतली, बोटांची सालं निघाली, काळं जागचं हललं नाही. शेवटी तिलाच वाटायला लागलं की आपणच कुठेतरी कमी पडतो.

एकदा तिची आई राहायला आली. जेवताना मिस्त्री म्हणाला, "आई, लेकीला सगळं शिकवलंत, बाथरूम घासायचं तेवढं राहिलं बघा." आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ठकू कामावरून आली तर आई, जिना चढताना कठडा न सोडणारी आई, शॉवरखाली फतकल मारून नळाखालचा कोपरा घासत होती. मिस्त्री दारात चहाचा कप घेऊन उभा होता. "इतका आळस बरा नव्हे गं," आई त्याच्यादेखत म्हणाली, आणि ठरल्याआधीच परत गेली. नंतर कधीही बोलावलं की तिचे गुडघे दुखायचे. गुडघे नव्हेत, लाज दुखतेय, हे ठकूला कळायचं आणि रडू यायचं.

या वेळी मिस्त्री कचेरीच्या कामाला बाहेरगावी निघाला तेव्हा जाता जाता म्हणाला, "रविवारी ताई येतेय. तेवढं बाथरूम घासून ठेव, माझी अब्रू जाते."

त्याची अब्रू! ठकूने रजा टाकली, दुकानातून फरश्यांच्या फटी भरायच्या ग्राउटची पिशवी, सिलिकॉनची नळी, ती दाबायची बंदूक आणि धारदार ब्लेड आणलं. घासायचं नाही, मुळापासून उपटायचं, असं तिने ठरवलं.

पहिली पट्टी भिंतीच्या बाजूने कापून ओढली आणि ती हातात घेऊन बघतच राहिली. वरचा थर स्वच्छ, गुळगुळीत. काळं सगळं त्याच्या पोटात. खाली जुनी, बुरसटलेली पट्टी तशीच होती. मिस्त्रीने ती न काढता तिच्यावरच नवी चढवली होती. म्हणजे इतकी वर्षं ती जणू काचेच्या वरून काचेमागचा डाग घासत होती. आणि आईसुद्धा.

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळं आतूनच वर दिसतंय हे त्याला कळलं नसेल, हा नुसता फुशारकीचा धनी, असं तिला वाटलं. पण कळलं नाही म्हणून सोडून द्यायला तिचं मन तयार होईना. इतकी वर्षं बोलणी आपण खाल्ली, आता जरा त्यालाही खाऊ दे.

मग तिने कामाला हात घातला. फरश्यांमधल्या सांध्यांतलं जुनं ग्राउट खरवडून काढलं. धूळ नाकातोंडात गेली. नवं ग्राउट टूथपेस्टइतकं घट्ट कालवून रबरी पट्टीने सांध्यांत दाबलं, ओल्या स्पंजने तिरकं पुसलं, सुकू दिलं. कोपरे कोरडे ठणठणीत झाल्यावर सिलिकॉन भरून साबण लावलेलं बोट एका दमात फिरवलं. काम दृष्ट लागण्यासारखं झालं. फक्त नळाखालचा कोपरा तिने मुद्दाम जसाच्या तसा ठेवला.

रविवारी ताई आली, पाठोपाठ मिस्त्रीही आला. बाथरूम बघून ताई म्हणाली, "अगं, आरसाच केलास की!"

"बघ," मिस्त्री बहिणीला म्हणाला, "घासलं की निघतं. मी काय सांगत होतो?"

"पण एवढा एक कोपरा माझ्याच्याने होईना," ठकू गोड आवाजात म्हणाली आणि ब्रश त्याच्या हातात दिला. "तू जरा दाखव ना कसं घासायचं ते."

"उद्या बघू."

"उद्या कशाला? शिकव की बायकोला," ताईने भर घातली.

मिस्त्री इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यावर बसला. ठकू दारात उभी राहिली. तो घासत होता आणि ती त्याचेच शब्द एकेक करून त्याला परत देत होती. "जोर लाव. मनगटातून. असं गोंजारतोस काय?" ताई हसून हसून भिंतीला टेकली. त्याच्या मानेवरून घाम ओघळला, कॉलर भिजली. ठकूला इतकं बरं वाटत होतं की स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण तिने थांबवलं नाही.

शेवटी त्याने ब्रश आपटला. "अगं, हे घासून जाणारं नाहीच! आतून आहे ते!"

ताईचं हसू थांबलं. ठकूचंही.

"तुला माहीत होतं?" ठकूने विचारलं.

त्याने आपटलेला ब्रश उचलून बाजूला ठेवला.

"कधीपासून?"

"पट्टी लावली त्याच महिन्यात दिसायला लागलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण सगळ्यांना सांगून बसलो होतो ना, माझ्या हातचं काम म्हणून."

म्हणजे आई घासत होती तेव्हा त्याला माहीत होतं. चहा पीत तो बघत होता. ठकूने आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्यापुढे धरला.

"त्यांना कशाला उगाच त्रास?"

"सांग," ठकू म्हणाली. ताईही म्हणाली, "सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं.

"जावईबापू," आई म्हणाली, "मी घासत होते तेव्हा तुम्ही दारात उभे होता. मला वाटलं, तुम्हाला आंघोळीला उशीर होतोय. म्हणून मी घाई करत होते."

मिस्त्रीने तोंड फिरवलं, तर समोर ताई होती.

"ठकू, ऐकतेस ना?"

"हो आई."

"त्या दिवशी मी तुला यांच्यासमोर बोलले. आता चुकले म्हणायचं तेही यांच्यासमोरच म्हणणार, फोनवर नाही. उद्या निघते. तो कोपरा तसाच ठेव. माझ्यासमोर त्यांना काढू दे, पुन्हा भरू दे."

"गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय?"

ठकूने फोन ठेवला. डोळे पुसले, आणि मग ब्लेड, बंदूक, सिलिकॉनची नळी एकेक करून नवऱ्यासमोर मांडली.

"किती दिवस राहणार आहेत?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"तुला नीट जमेपर्यंत," ठकू म्हणाली.