मागून मारलेली हाक

आपल्या मुलखातल्या माणसांचं आपल्याला सगळं कळतं, असं वरवे बुद्रुकच्या रतनला वाटायचं. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांना असं काहीबाही वाटतंच, पण याचं जरा जास्तच होतं. एकोणसत्तर साली कॉलेजनं काही पोरांना अनुभव घ्यायला वेल्ह्याकडच्या सरकारी दवाखान्यात धाडलं. बाकीची सगळी पुणे शहरातली. ती रोग्याचं बोलणं दोनदोनदा विचारून समजून घेईपर्यंत रतनचा रोगी औषध घेऊन वाटेला लागलेला असायचा.

या पोरांना शिकवायला आनंदराव डॉक्टर होते. त्यांना औषध देण्यापेक्षा दिलेलं औषध माणसाचं काय करतं, याचीच जास्त काळजी. रोज संध्याकाळी पोरांना बाकावर बसवून ते एकच धडा घोकून घ्यायचे. ‘‘काही त्रास होतो का, असं विचारू नका. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून आपली माणसं बरं आहे म्हणतात. कुठलं औषध काय बिघडवतं ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. ते तुम्ही हुडकायचं आणि मला येऊन सांगायचं.’’ क्षयाच्या सुईनं, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिननं, एखाद्याचे कान जातात. म्हणून अशा रोग्याच्या पाठीमागं उभं राहून हलक्या आवाजात त्याला नावानं हाक मारायची, असा त्यांनी दंडक घातला होता. पोरं माघारी त्याची नक्कल करायची. सगळ्यात झकास नक्कल रतनची.

मार्गासनीच्या पारूला एक दिवसाआड सुई टोचायला रतनच जायचा. पारू ऐन बाविशीची, पण खोकून खोकून पार चिपाड झालेली. नवरा भिमा पुण्याला कारखान्यात, घरात ती आणि सासू अक्काबाई. सुई सुरू झाली तशी तिचा ताप उतरला, खोकला कमी झाला, पोरीनं अंग धरलं. अक्काबाई खूश आणि रतन तिच्याहून खूश.

असल्या घरांच्या अंगणाबाहेर उभं राहण्यात रतनच्या बापाचा जन्म गेला होता. बाबासाहेबांच्या मागं जाऊन बुद्धाचं नाव घेतलं, पोराला शिकवलं, आणि आता त्याच पोराला सोप्यात घोंगडं अंथरलं जात होतं, कपबशीतून चहा येत होता. या मानाला कुठं गालबोट लागू नये म्हणून रतन फार जपून वागायचा. आता तुम्हीच सांगा, अशा घरातल्या तरण्या सुनेच्या पाठीमागं उभं राहून तिला नावानं हाक कशी मारायची? शहरातलं पोरगं खुशाल मारील, त्याला रीतभात कुठली! रतनला होती. तो आपला सासूला विचारायचा, हिला नीट ऐकू येतं ना? न यायला काय झालं, म्हणायची सासू. पारू पदर ओढून खाली मान घालून बसलेली असायची. सासूसमोर परक्या पुरुषाशी सून आणखी काय बोलणार? संध्याकाळी रतन आनंदरावांना सांगायचा की पारूची तब्येत उत्तम आहे.

एके दिवशी आनंदराव स्वतःच त्याच्याबरोबर आले. मोठे डॉक्टर आलेले बघून अक्काबाईला काय सांगू आणि काय नको असं झालं. तिनं सुईचं कौतुक मांडलं.

‘‘लई गुण आला बगा. रोगाचं जाऊ द्या, सोभावबी पालटला हिचा. पयलं म्या एक बोलले तर ही धा बोलायची. आता दोन म्हयनं झालं, कायबी बोला, उलटून अक्षर न्हाई. गाय झालीया निस्ती.’’

रतन हसला. आनंदराव हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं की मागून हाक मारतोस ना? सासरी परक्या पुरुषानं बाईला नावानं हाक मारलेली बरी दिसत नाही, असं रतन पुटपुटला. आनंदरावांनी पारूकडे बोट केलं.

‘‘आता मार,’’ ते म्हणाले.

पारू भिंतीकडे तोंड करून सुपातले तांदूळ निवडत होती. रतन तिच्या मागं जाऊन उभा राहिला. त्यानं हलकेच हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं, की समोरच्या घरातली धोंडाबाई काय झालं म्हणून दारात आली, तिच्यामागं आणखी दोघीतिघी आल्या. पारूनं सुपातला एक खडा उचलला, बाजूला टाकला आणि पुढचा शोधू लागली.

सुई रतननं स्वतःच्या हातानं टोचली होती, दर खेपेला, वर हसून चहा पिऊन. अक्काबाई मटकन खाली बसली.

‘‘मंग येवडं दीस म्या बोलत हुते ती कुनाला?’’ ती म्हणाली.

आनंदरावांनी काही लपवलं नाही. सुई आजपासून बंद. कान बहुधा परत येणार नाहीत. पण रोग हटत आलाय, दुसरी औषधं देऊ, जीव नक्की वाचेल. हे तिला तूच सांग, असं त्यांनी रतनला फर्मावलं.

तो पारूच्या पुढ्यात बसला आणि त्यानं स्वतःच्या कानाला हात लावून खुणेनं विचारलं. ती दचकली. सासूकडं बघितलं. मग भलत्याच मोठ्या आवाजात बोलली, कारण तो आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

‘‘कान वाईच जड झालं हुतं. पर मला वाटलं, तुमी समदी मुद्दाम हळू बोलताय. मानूस जगत न्हाई म्हंजी घरात असंच कुजबुजत्यात. माजी आय गेली तवा आमीबी असंच बोलत हुतो. म्हनून म्या कुनाला इचारलं न्हाई.’’

दोन महिने ही पोरगी या घरात रोज मरत होती, आणि रतन तिला उत्तम म्हणत होता. त्याला हुंदका आवरेना.

‘‘न्हाई, पारूबाई, तुमी जगनार. रोग हटलाय. तुमी जगनार!’’

आळीभर ऐकू गेलं ते. पारूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. डॉक्टर रडत होता. सासू पदर तोंडाला लावून बसली होती. दारात आयाबाया जमल्या होत्या, आणि कुणी आत यायला धजत नव्हतं. तिनं सगळं नीट पाहून घेतलं आणि सूप बाजूला सारलं.

‘‘किती दीस ऱ्हायलं?’’ तिनं रतनला विचारलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत थांबली.