गोणीतले बटाटे

बसचालकाची नोकरी गेली, तेव्हा त्याने गॅलरीत जुन्या गोणीत बटाटे लावले. रोज पहाटे उठून तो पाणी घालायचा. मग पुरात पूल वाहून गेला आणि गावातली दुकानं रिकामी झाली. त्याने मोठ्या ऐटीत गोणी उपडी केली. निघाले गोट्यांएवढे मूठभर बटाटे. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आता खायचं काय गं?"

"पलंगाखाली बघा," बायको म्हणाली.

तिथे तांदूळ-डाळीचे डबे गच्च भरलेले होते. वाणसामान आलं की ती थोडं थोडं बाजूला काढत आली होती.

"मग मला बोलली का नाहीस?"

"नोकरी गेल्यावर तुम्ही अंथरूण धरलं होतं. गोणीपायी उठायला लागलात. घरात भरपूर आहे म्हटलं असतं, तर पुन्हा आडवे झाला असता."

तो ओशाळून हसला आणि बटाटे धुवायला बसला.