बोलवता धनी

“शिपाईमामा पाय घसरून पडले आणि अध्यक्षसाहेबांनी त्यांना हात दिला.”

हाताची घडी घालून, पाठ केलेली कविता म्हणावी तसं तिसऱ्या मुलानंही हेच सांगितलं आणि तो भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. “हं, पुढचा.”

खिडकीशी बसलेल्या इतिहासाच्या बाईंना हसावं की रडावं कळेना. आठवीच्या याच पोरांना त्यांनी शिकवलं होतं, की दोन साक्षीदारांची वाक्यं शब्दाला शब्द जुळली तर समजावं, बोलवता धनी तिसराच आहे. इथं तर तो धनी समोरच खुर्चीत बसला होता. मामांना मारलं संस्थेच्या अध्यक्षांनी, आणि चौकशी समितीवरही अध्यक्षच. शेत कुंपणानंच खायचं आणि पंचनामाही कुंपणानंच करायचा.

झालं होतं ते बाईंच्या शिकवण्याच्या पद्धतीमुळंच. नव्या आठवीला पुरावा म्हणजे काय हे समजावं म्हणून त्या दरवर्षी एक नाटक करायच्या. तास ऐन रंगात असताना मामा दार ढकलून आत यायचे. “हा नकाशा आत्ताच्या आत्ता ऑफिसात हवाय!” म्हणून ओरडायचे. बाई रागावल्याचं सोंग करून फळ्याकडे तोंड फिरवायच्या. मामा भिंतीवरचा नकाशा उतरवून कपाटामागं टाकायचे, आणखी चार शब्द सुनावून तरातरा निघून जायचे. मग बाई वर्गाला म्हणायच्या, “लिहा आता, काय काय पाहिलंत.” मामांचा शर्ट कुणी निळा लिहायचं, कुणी खाकी. एकानं तर त्यांच्या हातात काठी दिली होती. वर्गात हशा पिकायचा आणि त्या हशातच बाई इतिहास शिकवून टाकायच्या. मामाही खूश असायचे. “नाटकातच जाणार होतो बाई, पण मग घंटा कुणी दिली असती?”

यंदा मामांचा आवाज जरा जास्तच लागला. नेमके त्याच वेळी अध्यक्ष पाहुण्यांना शाळा दाखवत व्हरांड्यातून चालले होते. आपला शिपाई बाईंवर ओरडतोय, आणि तेही पाहुण्यांदेखत! ते तडक आत आले. बाई ठरल्याप्रमाणे फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना फक्त आवाज ऐकू आला. वळून पाहतात तो मामा बाकावर आपटून खाली पडलेले, कान घट्ट धरून. त्या कानानं त्यांना अजूनही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांना निलंबित केलं. म्हणे दारू पिऊन वर्गात शिरले आणि पाय घसरून पडले. निवृत्ती तोंडावर आलेला माणूस, ज्यानं उभ्या जन्मात बिडीसुद्धा ओढली नव्हती. बाई मुख्याध्यापकांकडे धावल्या.

“सर, ते नाटक मीच ठरवलं होतं.”

“नाटक? अभ्यासक्रमात कुठं आहे ते?”

तरीही बाई निर्धास्त होत्या. मामा युनियनकडे जायला निघाले, तर त्यांनीच अडवलं. “कशाला मामा? अख्खा वर्ग साक्षीला आहे. आणि तो मी शिकवलेला आहे.” मामांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता एकच मुलगी उरली होती, पहिल्या बाकावरची. प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारते म्हणून बाईंनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. वडील अध्यक्षांच्या कारखान्यात कामाला. तसे अर्ध्या वर्गाचे होते. तरी बाईंची सगळी भिस्त तिच्यावर होती. ती उठली, एकदा बाईंकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

“शिपाईमामा पाय घसरून पडले... आणि अध्यक्षसाहेबांनी त्यांना हात दिला.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“खोटं आहे हे सगळं! यांनी मामांच्या कानाखाली मारली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. मुख्याध्यापक चाचरले. “बाई, नक्की पाहिलंत?”

“नक्की.”

न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही, हे जन्मभर मुलांच्या गळी उतरवणाऱ्या बाई बिनदिक्कत खोटं बोलल्या होत्या. त्याची त्यांना तसूभरही लाज वाटली नाही. उलट मोकळं वाटलं.

“नाही बाई.”

वकीलबाई अजून उभीच होती. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

“तुमची आमच्याकडे पाठ होती. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. शब्द अर्धाच झाला होता. तुम्हाला कसं दिसेल?”

साक्षीदार कुठं उभा होता, तिथून त्याला काय दिसू शकत होतं, हे आधी विचारायचं. बाईंनीच शिकवलं होतं. मुलांच्या तोंडून त्या खोलीत निघालेली खरी गोष्ट तेवढी एकच.

अध्यक्ष खो खो हसले. “वा! हुशार आहे पोरगी. कुणी शिकवलं गं तुला हे?”

पोरीनं बाईंकडे बोट दाखवलं.

मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. सगळ्यांना जायला सांगितलं.

मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते, धुतलेला, इस्त्री केलेला गणवेश घालून. बाई त्यांच्याशेजारी टेकल्या.

“मामा, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली.”

“या बाजूनं बोला बाई, त्या कानानं काही ऐकू येत नाही.”

बाई उठल्या आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. पण तेच शब्द दुसऱ्यांदा तोंडातून निघेनात.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “नकाशा कुठं ठेवलात, ते विचारत होते.”

“नेहमीच्याच जागी, कपाटामागं.” मामा ओशाळं हसले. “पुढच्या वर्षी जरा हळू ओरडेन.”

तास संपत आला होता. मामा सवयीनं घंटेकडे जायला उठले. दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन बसले.