इंटेलिजन्सवाली

कान तुटलेल्या कपातल्या चहावर साय धरत होती, आणि पडद्यापलीकडं, हाताच्या अंतरावर, पुष्पाकाकूची कुरकुर चालली होती—

"हळू बोला जाऊबाई, ती ऐकून राह्यली असंल. कामच हाय तिचं ते."

काम! प्रभावतीनं डोळे मिटले. पंधरा वर्षं शिकवतेय मी—आधी जालन्याच्या कॉलेजात, मग पुण्यात—की धंद्यातला समोरचा माणूस उद्या काय करणार हे आज कसं ओळखावं. बियाण्यांच्या कंपन्यांवर पीएचडी केली; कोण कुठं माणसं भरतंय, कुणाची गोदामं अवेळी भरतायत... चोरून काही ऐकायचं नाही, उघड्यावर पडलेलं वाचायचं, हे तिचं वर्गातलं आवडतं वाक्य. विषयाचं नाव कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स. टेंभुर्णी गावानं त्यातला शेवटचा शब्द तेवढा उचलला आणि तिला सीआयडीत भरती करून टाकलं. आज सकाळीच, जाफराबादहून येताना, जीपमधली विजेच्या तारेवर आकडे टाकून मोटर चालवण्याची रंगलेली चर्चा ती बसताच बंद पडली, वर मच्छिंद्र ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं मीटर हाय बरं का. बिलकुल चालू हाय."

हसावं की उतरून चालत जावं...

आली होती आईला पुण्याला न्यायला, कायमचं. दिवाळीपासून विचारत होती आणि दर वेळी आई म्हणायची, "चहा घेतीस?" म्हणून हा कप, सकाळपासूनचा कितवा कोण जाणे.

पडदा सारून आई आणि काकू बाहेर आल्या. काकूच्या ओच्यात शेंगा.

"आई, मी सीआयडीत आहे असं गावाला कुणी सांगितलं?"

"मीच," आई म्हणाली, मिठाला काय भाव म्हणावं तशी. "लोक पुसायचे, जावई काहून दिसंनात. म्हनलं, तिची नोकरीच तसली. कुनाला सांगता येत न्हाई."

"अन् पुन्यात काय सांगताल?" काकूनं शेंग फोडली. "तिथं तर समद्यांला ठाऊक, ही मास्तरीन हाय."

म्हणजे आईच्या न येण्यामागं हे होतं तर. इतके दिवस—उघड्यावर पडलेलं. प्रभावती वाट पाहत राहिली. या घरात तिच्या मोडलेल्या लग्नाला नाव नव्हतं. 'ते', 'तिकडचं', 'जमलं न्हाई'... आता आई तो शब्द काढणार. टाकलेली. गावापासून पुण्यापर्यंत तोच तर शब्द चुकवत ती इतकी शिकत गेली होती का?—तिनं कप घट्ट धरला, कान नव्हता तिथं.

आईनं काकूच्या ओच्यातली एक शेंग घेतली, फोडली, दाणे लेकीच्या बशीत ठेवले.

"खरं सांगीन. माह्या परभानं नवऱ्याला सोडलं. बरं केलं."

सांगीन—म्हणजे येणार? एवढ्याशा शब्दावरून माणसाचं उद्याचं सांगणारी ती, तिला काही सांगता येईना. सकाळपासूनचा वैताग तर शोधूनही सापडेना, आणि त्याच्या जागी पहिल्यांदाच तिला भीती वाटली—आपलं सगळं ठाऊक असलेल्या आईबरोबर आता एका घरात राहायचं...