ताक न सांडता अंबाजोगाई

मित्रांनो, मी बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका वाडीवर राहते. मी एक जुनी पिकअप आहे. रंग पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा. डाव्या दाराला एका बैलाच्या शिंगाची खूण आहे आणि मागच्या फाळक्यावरचं नाव निम्मंच वाचता येतं. पोटातलं डिझेलचं इंजिन मात्र अजून खणखणीत आहे. ते मोडीत जाता जाता कसं वाचलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. उडणाऱ्या ठिणग्या, ताज्या रंगाचा वास आणि रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच बहिणी, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते शहादेवच्या दारात. शहादेव आणि त्याची बायको मंगल दरसाल दिवाळी आली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचे, पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहायचे. कित्येक हंगाम असे काढून त्यांनी मला घरी आणलं. शहादेवच्या आईनं, भिवराबाईनं, माझ्या चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता आमच्या घरचा कोयता सुटला!"

असं स्वागत झाल्यावर कुणाला काम जड वाटेल? सकाळी वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून मी कड्याच्या डेअरीत पोचवायची. दुपारी कांदा, कडबा, शेळ्या, कधी लग्नाचा मांडव. लोक म्हणायचे, "शहादेव, गाडी हाय का वाघीण?" तो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि मला धुऊन पुसून लख्ख ठेवायचा.

पुढं काम वाढलं आणि माझ्याकडं बघणं कमी झालं. माझा एअर फिल्टर धुळीनं गच्च भरला, मला नीट श्वासच घेता येईना. टायरमधली हवा उतरली. टपावरचं जड लोखंडी कॅरिअर, मागं पडून राहिलेलं मोडकं औत, चिखलात उपयोगी पडतील म्हणून ठेवलेली वाळूची पोती, हे सगळं मी रोज फुकट वाहत होते. त्यात अ‍ॅक्सिलरेटरवर शहादेवचा पाय जड. हॉटेलात चहा पिताना तर तो मला चालूच ठेवायचा, वर गाणी लावायचा. माझ्या धुरानं भजी तळणारा खोकून खोकून बेजार व्हायचा. "चालू गाडीची शान वेगळीच असती," असं शहादेव म्हणायचा. एका लिटरात तेरा-चौदा किलोमीटर पळणारी मी, आता कशीबशी नऊ पळत होते.

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा सटवा मुकादम दारी येऊन गेला. संध्याकाळी शहादेव ओट्यावर बसून म्हणाला, "गाडी मोडीत घालू. लई डिझेल खाती. सटवाला हो म्हणतो, यंदा जाऊ तोडीला."

भाकरी थापणाऱ्या मंगलचा हात थांबला. "आन दीपमालाची शाळा?"

दीपमाला त्यांची लेक, सातवीत शिकणारी. मी अंगणात उभी होते. इंजिन बंद असूनही मला धडधडल्यासारखं झालं.

"ती ऱ्हाईल आईजवळ," शहादेव म्हणाला.

"मी न्हाई तिला सोडून जायची. गाडी आधी एवढं खात नव्हती. आताच कावून खाती? आधी ते बघू."

"म्हातारी झाली ती."

"म्हातारं माणूस कमी जेवतं, बाबा," आतून भिवराबाई म्हणाली. "जास्त खात आसंल तर काय तरी दुखणं आसंल तिला."

शहादेवला हसू आलं, पण त्यानं हट्ट सोडला नाही. "बरं. वनमालाच्या लेकराच्या बारशाला अंबाजोगाईला जायचंच हाय. सीताफळाचं भाडंबी तिकडलंच हाय. त्या खेपंला बाराच्या वर पळाली तर ठेवू. न्हाई तर मोडीत." वनमाला ही त्याची बहीण.

दुसऱ्या दिवशी दूध पोचवून मी परत आले, तर मंगल माझ्याभोवती फिरू लागली. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा तिनं एकेका चाकाला हात लावला. मागच्या उजव्या चाकाशी तिनं झटकन हात मागं घेतला. "अवो, हे चाक बघा! तव्यावानी तापलंय!"

मला कड्याच्या सुग्रीव मिस्तरीकडं नेलं. त्यानं ते चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवलं. ते फिरेना. "वहिनी, तुमी बराबर वळखलं. ब्रेक धरून बसलाय. बैलाची शेपटी मागून वढायची आन त्याला म्हणायचं पळ, तसं चाललंय हे." मग त्यानं फिल्टर काढून आपटला. पडलेल्या धुळीकडं बघून तो म्हणाला, "शहादेव, यात वांगी लाव, चांगली येतेल."

त्यानं ब्रेक मोकळा केला, नवा फिल्टर घातला, ऑईल बदललं, डिझेलचे नोझल साफ केले, टायरमध्ये मापाची हवा भरली. मंगलनं कॅरिअर, औत आणि पोती उतरवून घेतली. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिला मोकळा श्वास घेतला तेव्हा मला पंख फुटल्यासारखं वाटलं!

"दवा झाली, आता पथ्य तू पाळ," सुग्रीवनं शहादेवला बजावलं. "पाय हलका ठेव. गिअर येळंवर बदल. उभी केली की बंद कर. आन डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करू नको बे, ब्रेकवर सगळा भार यील आन जिवावर बेतंल."

"मला शिकवतो का बे?" शहादेव गुरगुरला. माझा धीर खचला. बाकी सगळं दुरुस्त झालं होतं, पण शहादेवचा पाय कोण दुरुस्त करणार?

बारशाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. मागं सीताफळाचे क्रेट रचले. तेवढ्यात भिवराबाई नवं लुगडं नेसून आली आणि मांडीवर ताकाची भरलेली चरवी घेऊन मध्ये बसली. वनमालाला माहेरच्या म्हशीच्या ताकाची भारी आवड. चरवीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलेलं.

शहादेवनं सवयीप्रमाणं जोरात पाय दाबला. मी हिसका दिला आणि ताक उसळलं.

"आरं ए! माझ्या नव्या लुगड्यावर!" भिवराबाई कडाडली. "गाडी चालवतो का टोणगा?"

शहादेव ओशाळला. पुढच्या खड्ड्याआधी त्यानं लांबूनच वेग कमी केला. चढाला हळू पाय दिला, गिअर बेतानं बदलला. ताक हललं नाही. पाटोदा मागं पडलं. मंगल खिडकीकडं तोंड करून पदरात हसत होती. कपिलधारच्या फाट्याजवळ चहाला थांबलो. शहादेव मला चालूच ठेवून उतरला.

"बंद कर की! ही थरथरती तर ताकबी हिंदकळतंय," भिवराबाई म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं किल्ली फिरवली. रस्त्यावर उभं राहून इतकी शांतता मी कितीतरी वर्षांनी ऐकली.

सीताफळं पोचवून आम्ही वनमालाच्या दारात पोचलो. चरवी जवळजवळ भरलेलीच होती. बाळाचं नाव अभिमन्यू ठेवलं. निघताना मला भीती वाटली. आता चरवी रिकामी, पाय पुन्हा जड होणार. पण माहेरचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? वनमालानं ती चरवी बारशाच्या आमटीनं भरली, अगदी काठापर्यंत! भिवराबाईनं ती मांडीवर घेतली आणि लेकाकडं नुसतं बघितलं. त्यानंतर केजच्या रस्त्याला मी पाण्यावरून होडी जावी तशी गेले.

कड्याच्या पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. शहादेवनं मोबाईलवर भागाकार केला. पुन्हा केला. मग पंपावरच्या माणसाला म्हणाला, "मशीन बिघडलंय का बे तुझं?"

"कावून? काय झालं?"

"तेराच्या वर पळाली!"

मंगलनं टाळीच वाजवली. भिवराबाई म्हणाली, "म्हणलं नव्हतं मी, दुखणं हाय म्हणून?" शहादेव खाली उतरला, माझ्या बॉनेटवर त्यानं दोन्ही हात ठेवले. म्हणाला, "चुकलो गं."

सटवा मुकादम आला तेव्हा त्याला चहा मिळाला आणि नकारही. दीपमाला आपल्या शाळेतच राहिली.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल. त्याला टाकून द्यायच्या आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारा. त्याची धूळ झटका, पाठीवरचं ओझं उतरवा, त्याला हळू हातानं चालवा. आम्हांला जास्त काही लागत नाही.

हल्ली मंगल मला चालवायला शिकते आहे. काल तिनं पहिल्यांदा मला स्वतः चालवत वाडीच्या फाट्यापर्यंत नेलं. शहादेव तिच्या शेजारी बसला होता, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. तिसरा गिअर पडला तसा वारा आत शिरला आणि मंगल इतक्या मोठ्यानं हसली, की रस्त्याकडेच्या शेळ्या बाजूला पळाल्या.