गोळी उतरली की बोलतो

मित्रांनो, मी एक जुना कामगार आहे. जुना म्हणजे कालचा. आमच्यात एक गेला की त्याच जागी दुसरा उभा राहतो आणि तोही स्वतःला 'मी'च म्हणतो. एका इस्त्रीवाल्या बाईच्या मूत्रपिंडातली पेशी हे माझे घर. शास्त्रज्ञ मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात आणि सुजेचा ठपका माझ्यावर ठेवतात. तो खोटा नाही. माझे भाऊबंद तिच्या खांद्यात सूज आणि ठणका तयार करतात. इथे माझे काम वेगळे. अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी आवळू लागते. तेव्हा मी असा रस बनवतो, की ती वाहिनी उघडी राहते आणि

(गोळी.)

उतरली. तिचा अंमल संपला, बोलतो. दुखण्यावरची ही गोळी माझ्या कामाच्या खाचेत बोळ्यासारखी बसते. ती निघाली होती खांद्यातल्या भावांना गप्प करायला. वाटेत मीही सापडलो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

गोळी दिली तिच्या मोठ्या जावेने. दोघी कारखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर वाफेची इस्त्री फिरवतात.

"घे गं. माझा खांदा हिच्यावरच चालतो."

"पाण्याशिवाय कशी गिळू?"

"घोटभर घे. जास्त ढोसलंस तर किल्ली मागावी लागेल."

किल्ली संडासाची. ती सुपरवायझरच्या खिशात असते. मागायला गेले की तो सगळ्यांदेखत विचारतो, "पुन्हा?" म्हणून तिथल्या बायका पाणीच पीत नाहीत. वाफेत घाम गाळत कोरड्या उभ्या राहतात. मला सर्वांत जास्त राबायचे असते ते तेव्हाच, आणि नेमकी तेव्हाच

(गोळी.)

या वेळी फार वेळ लागला. मधल्या काळात तिची लघवी कमी झाली, पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले.

"मूत्रपिंडं थकलीत. ही गोळी बंद. भरपूर पाणी प्या. अजून सावरतील; पुन्हा असंच चाललं तर नाही सावरणार."

"पिईल की," सोबत आलेली जाऊ म्हणाली. "किल्ली मागायला तुम्ही येता का?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर 'पाणी' या शब्दाखाली आणखी एक रेघ ओढली.

आज ती पुन्हा टेबलापाशी उभी आहे. बाटली भरलेली, झाकण घट्ट. वाहिनी आवळते आहे, मी ती कशीबशी उघडी धरून आहे.

"ठणकतंय ना?" जाऊ मायेने विचारते आणि मूठ उघडते.

मित्रांनो, घाईत सांगतो. गोळ्या मनाने घेऊ नका, असा उपदेश करून मी निरोप घेणार होतो. पण आधी कुणीतरी ती किल्ली त्याच्या खिशातून काढा, दारालाच लटकवा, म्हणजे ही बाई पाणी पिईल आणि मी