अक्षरशः

“अक्षरशः म्हणजे काय हो, मावशी?”

कारखान्याच्या वकिलाने हे इतक्या गोडीने विचारलं, की मावशींनाही हसू आलं. साठी उलटलेली बाई. ओढ्यावर लोकांची धुणी धुण्यात जन्म गेलेला. साहेब लोकांसमोर खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ.

“काय माहीत, साहेब,” त्या म्हणाल्या. “मास्तरांच्या अक्षरात लिहिलंय ना, म्हणून अक्षरशः असेल.”

दालनात हशा पिकला. सुनावणी घेणारे अधिकारीसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. हसले नाहीत ते एकटे मास्तर. दुसऱ्या रांगेत बसल्या बसल्या त्यांची कानशिलं तापली.

मास्तर म्हणजे निवृत्त भाषाशिक्षक आणि ओढा बचाव समितीची लेखणी. रंगाच्या कारखान्याने आपलं घाण पाणी ओढ्यात सोडू नये, एवढीच समितीची मागणी. पत्रकं, घोषणा, निवेदनं, सगळं मास्तरांच्या हातचं. आजच्या सुनावणीसाठी त्यांनी दोन महिने दारोदार फिरून अडतीस जबान्या लिहून घेतल्या होत्या. लिहून घेतल्या म्हणजे काय, माणसं बोलायची आणि मास्तर त्यांचं बोलणं ‘नीट’ करायचे. खोडच होती ती. घरी आलेल्या पत्रातल्या चुकासुद्धा ते लाल पेनाने दुरुस्त करायचे. बायको म्हणायची, “एक दिवस माझं बोलणंही तपासून परत द्याल!”

“साहेब,” वकील अधिकाऱ्यांकडे वळला, “अडतीसच्या अडतीस जबान्यांत हेच वाक्य आहे. ‘आमचे जीवन अक्षरशः उद्ध्वस्त झाले आहे.’ पंक्चरवाल्याचंही अक्षरशः, शिंप्याचंही अक्षरशः. सगळ्यांना एकच शब्द सुचला?”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते वाक्य पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा ते स्वतःवर काय खूश झाले होते! मग मोह आवरेना. दिसेल त्याच्या तोंडी तेच घातलं.

अधिकारी मावशींना म्हणाले, “तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा बरं. त्रास काय होतो?”

“त्रास म्हणजे… हात बघा ना, साहेब.” मावशींनी दोन्ही तळवे पुढे केले. “त्या रंगाच्या पाण्याने बोटांची कातडी झिजून जाते, तळव्यांना भेगा पडतात. माझी नात लहान आहे. केसांतून हात फिरवल्याशिवाय झोपायची नाही. आता म्हणते, आजी, तू नको, तुझे हात टोचतात. मग मी हात मागे घेऊन बसते तिच्याजवळ.”

अधिकाऱ्यांनी जबानी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

“हे यात नाही.”

“मी सांगितलं होतं की…” मावशी थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

सांगितलं होतं. याच शब्दांत सांगितलं होतं. हे घरगुती आहे, सरकारदरबारी असलं कोण विचारतं, म्हणून मास्तरांनीच ते गाळलं होतं.

“म्हणजे आत्ताच सुचलं वाटतं?” वकील म्हणाला.

उठायला हवं होतं. ‘यांनी सांगितलं, मी गाळलं’, एवढंच म्हणायचं होतं. उठलो तर बाकीच्या जबान्याही बाद होतील, असं मास्तरांनी स्वतःला बजावलं. पण ते खोटं होतं आणि त्यांना ते चांगलं कळत होतं. चार लोकांत हसं होईल, हीच भीती होती. जन्मभर पोरांना बाकावर उभं करणाऱ्या माणसाला स्वतःला उभं राहता येईना. त्यांनी मान खाली घातली.

मावशींनी ते पाहिलं.

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. वय झालं आता. सांगायचं राहूनच गेलं असेल.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेखी एक आणि तोंडी दुसरं, असं चालणार नाही, अधिकारी म्हणाले. मावशींनी आपली जबानी मागे घ्यावी. बाकीच्यांचं काय करायचं ते नंतर पाहू.

बाहेर कारकुनाच्या टेबलापाशी मास्तरांनी त्यांना गाठलं.

“मावशी, मी…”

“असू द्या हो. पण एक सांगा, ते का नाही लिहिलंत? काही वावगं बोलले होते का मी?”

“नाही, नाही. मला ते… फार साधं वाटलं.”

“साधंच होतं,” मावशी म्हणाल्या.

कारकुनाने जबानी मागे घेतल्याचा कागद पुढे सरकवला आणि त्यांचा अंगठा शाईत बुडवून त्यावर टेकवला. “अहो, नुसता डाग पडतोय. रेघा कुठायत? पुन्हा द्या.” मावशींनी पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला. तिन्ही वेळा गुळगुळीत काळा ठिपका, त्यात एक रेघ म्हणून नाही. जबानीच्या वेळीही असाच ठिपका पडला होता. मास्तर वैतागले होते तेव्हा. ‘नीट टेकवा ना मावशी, कागद घाण होतोय,’ असं म्हणाले होते.

“कुणीतरी खाली लिहा, हा अंगठा यांचाच म्हणून,” कारकून म्हणाला. “तुम्हाला येतं ना लिहिता?”

मास्तरांनी पेन घेतलं. मावशी टेबलावर वाकल्या आणि कागदाकडे बघत हळूच म्हणाल्या, “मास्तर, राग मानू नका. पण काय लिहिताय ते जरा वाचून दाखवाल?”